वाणात गेलेल्या किटल्या

सिंधू होती तोवर काचेच्या कपाटाला मी हात लावत नसे. पुसापुशी तिची आणि बडबड माझी, अशी आमची वाटणी होती. तिला जाऊन आता दुसरा उन्हाळा. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन आता मीच कपाटासमोर बसतो. आत विलायती चिनीमातीच्या चहाच्या किटल्या आहेत, शंभर-सव्वाशे वर्षांच्या जुन्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी माझ्या मुठीत झाकून जाईल. सगळ्यात लहान आहे ती अंगठ्याच्या पेराएवढी. तिचं झाकण हरभऱ्याच्या डाळीएवढं, आणि त्या झाकणाला वर धरायला पुन्हा एक बोंड. नवा पाहुणा आला की कपाटापुढं उभा राहतो आणि विचारतो, “हे कशाला जमवलं हो?” मी म्हणतो, “तुम्ही पोट कशाला जमवलं?” मग पाहुणा चहा न घेता जातो. सून रागावते. पण तिनंच परवा सांगितलं की रिकामे बसण्यापेक्षा आईंनी, म्हणजे सिंधूनं, तुमच्या किटल्या वाटून टाकल्या होत्या ते लिहून काढा. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, माझ्या लिहिण्यात कुणी चुका काढू नयेत. काढल्या तरी मी सुधारणार नाही.

आम्ही देवळाली गावात राहायचो. एका ओळीत खोल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या दोन आमच्या. शेवटच्या अशासाठी की बाजूला घोडा बांधायला जागा होती. वडिलांचा टांगा होता, स्टेशन ते कॅम्प. कॅम्पात तेव्हा मोठमोठे बंगले, मुंबईची पारशी माणसं हवा खायला यायची. आमच्या घरात सकाळ व्हायची ती घोड्याच्या फुरफुरण्यानं, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग रेल्वेच्या डब्यांची आदळआपट. घोड्याला भिजवलेले हरभरे आणि आम्हाला भाकरी, कांद्याची पात आणि शेंगदाण्याची चटणी. कुणी कुरकुर केली की आई म्हणायची, “घोडा कमावतो, तुम्ही नुसते खाता. हरभरे त्यालाच.” कॅम्पाच्या पलीकडं फौजेचा तोफांचा सराव चालायचा. तोफ उडाली की फळीवरच्या ताटल्या किणकिणायच्या, घोडा कान टवकारायचा. आईच्या हातातली भाकरी मात्र एवढीसुद्धा हलायची नाही. तोफेला घाबरत नसे अशी बाई. आम्ही सगळे तिला घाबरायचो.

माझी हातगाडी होती. बंगल्यातलं सामान हलवायचं काम मी करायचो. कपाटं, पलंग, पियानो म्हणून एक दांडगा पेटारा असतो तोही मी हलवला आहे, तो हलताना आपोआप वाजतो. कॅम्पाच्या टोकाला एका बंगल्यात दीनाबाई नावाची म्हातारी पारशीण एकटी राहायची. तिच्याकडं मी वर्षातून चार वेळा तरी जात असेन, कारण तिला दर मोसमात कपाटं या भिंतीची त्या भिंतीला लागायची. तिथं काचेच्या पेटीत मी पहिल्यांदा या किटल्या बघितल्या. मला वाटलं पोरींची भातुकली. मी म्हणालोसुद्धा. दीनाबाई म्हणाली, “भातुकली नाय डिकरा. विलायतची मोठी किटली जशी असते ना, तशीच सगळी, फक्त ल्हान. बघ, खाली शिक्का पण हाय.” तिनं एक किटली उलटी करून माझ्या तळहातावर ठेवली. खाली निळा शिक्का, मुंगीला वाचता येईल एवढा. मग तिनं ती उजेडात धरली, तर पलीकडचं बोट आतून दिसत होतं. मातीतून बोट दिसतं! मी त्या दिवशी कपाट उलट्या भिंतीला लावलं आणि पुन्हा हलवावं लागलं.

पुढच्या खेपेला मी विचारलं, “बाई, असल्या अजून कुठं मिळतात का?” ती माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या घरच्या कुणी आजवर ते विचारलं नव्हतं म्हणे. तिथून मला नाद लागला. कुणी बंगला रिकामा करताना मोडकंतोडकं टाकलं की मी त्यात हात घालायचो. बुधवारी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात जुनं सामान मांडून बसणारे असतात, त्यांच्याकडं फिरायचो. तिथं एक म्हातारा तंबाखूचा चुना एका छोट्या किटलीत ठेवून बसला होता. निळ्या रंगात पूल, झाड, वर दोन पाखरं, आणि आत चुना. त्याला मी पत्र्याची चांगली डबी आणून दिली आणि किटली घेतली. तो माझ्याकडं दयेनं बघत होता. नखानं टिचकी मारली की धड किटली टण्ण वाजते, चीर गेलेली खट्ट करते, एवढंच शास्त्र मला तेव्हा आलं होतं, आजही फार पुढं गेलेलं नाही.

मग दीनाबाईच्या लेकीनं तिला मुंबईला न्यायचं ठरवलं. बंगला विकायचा होता. जाण्याआधी तिनं पेटीतल्या सगळ्या किटल्या मला देऊन टाकल्या. म्हणाली, “माझ्या घरात हे कुणाला नको. तुला पायजे. पण हे सगळे साथे राहिले पायजे हां. एकेक करून विखरू नको. बंगला बंद कराया मी परत येईन, तेव्हा सगळे मांडून दाखव मला. शेवटचं बघून जाईन.” मी शब्द दिला. तिच्या आणि माझ्या मिळून डझनभर झाल्या. सफरचंदाच्या खोक्यात गवत घालून, एकेक चिंधीत गुंडाळून मी त्या माळ्यावर ठेवल्या, अगदी आत. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? हातगाडीवाला बाप्या बाहुलीच्या किटल्या जमवतो म्हणून? आईनं घोड्याच्या शेजारी बांधलं असतं मला.

त्याच दिवाळीनंतर माझं लग्न झालं. सिंधू लासलगावकडची. तिचे वडील कांद्याच्या मार्केटात मापारी, म्हणजे काट्यावर माल मोजणारे. त्यामुळं तिचं बोलणंही तसंच, इकडची मुंगी तिकडं होणार नाही असं. रुखवतात तिच्या वडिलांनी स्टीलच्या डझनभर वाट्या दिल्या होत्या, प्रत्येक वाटीवर नाव टाकलेलं, ‘हरी मापारी यांजकडून चि. सौ. कां. सिंधूस’. त्या वाट्या तिनं फळीवर समोर लावल्या होत्या, नाव दिसेल अशा. आमटी त्यात वाढायची नाही. नुसत्या बघायच्या. रोज दुपारी एकदा पुसायच्या. मी मनात म्हणायचो, हिचाही नाद आपल्यासारखाच आहे. पण तोंडानं बोललो नाही. नवीन लग्न, आणि मी तेव्हा आजच्यासारखा तोंडाळ नव्हतो.

पहिली संक्रांत आली. नव्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू म्हणजे ओळीतल्या बायकांना सणापेक्षा परीक्षा बघायला जास्त मजा. सिंधूला काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, गळ्यात हार, हातात पाटल्या, सगळं साखरेचं. मी सकाळीच शिंगव्याला कुणाचं सामान पोचवायला गेलो होतो. दिवे लागायला परत आलो, तर आमच्या दारातून बायका बाहेर पडताहेत, कपाळभर कुंकू, तोंडात तिळगूळ, आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी इवलंसं. आमच्या शेजारच्या पारूमावशीनं तळहात माझ्या नाकासमोर धरला. “बाळू, काय रे किटल्या शोधल्यास! सासूला जमलं नाय ते नवऱ्याला जमलं.” तळहातावर निळा पूल आणि दोन पाखरं.

 झालं होतं असं. आई पापड काढायला माळ्यावर चढली, तिला खोका सापडला. उघडून बघते तर डझनभर एकसारख्या लहान लहान वस्तू, एकेक वेगळी गुंडाळलेली. आमच्याकडं संक्रांतीच्या आधी घरात अशी डझनानं गुंडाळलेली वस्तू दिसली, तर कुठलीही बाई एकच समजणार, वाण. म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णींना वाटायची भेट. आईला वाटलं, पोरानं बायकोच्या पहिल्या संक्रांतीचं वाण गुपचूप आणून ठेवलंय. तिला एवढा अभिमान वाटला की तिनं स्वतः आणलेले प्लॅस्टिकचे कंगवे मागं ठेवले. आणि सिंधूनं स्वतःच्या हातानं, हळदकुंकू लावून, माझा खोका लुटला. वाण ‘लुटलं’ असंच म्हणतात आमच्यात.

आत गेलो तर ती उभी होती, साखरेच्या दागिन्यांत. डोळे असे चमकत होते. म्हणाली, “अहो, कुठून आणल्या तुमी? लय सुंदर. माझ्यासाठी एवढं शोधलं?”  मी म्हणालो, “हां. तुझ्यासाठीच.” आणि गुळपोळी पुढ्यात आली, तिचे मी नुसते तुकडे करत बसलो. दीनाबाईला दिलेला शब्द आधीच मोडला होता, त्याच्यावर आता हे खोटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. सिंधू कोपऱ्यात बसून हलव्याचा हार मणी-मणी तोडून खात होती. तेवढ्यात वडील टांगा सोडून आत आले. “बाळ्या, कॅम्पातली दीनाबाई आलीय मुंबईहून. माझ्याच टांग्यात बसली. म्हणाली, रविवारी कायमची चाललेय, पोराला सांग सगळ्या घेऊन ये, दाखव.”

आईचा घास हातातच राहिला. “सगळ्या? कोण सगळ्या?”

“मला काय ठाऊक! म्हातारी म्हणाली, त्याला कळेल.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले.  मग मी सांगितलं. पेटी, शिक्का, चुना, खोका, शब्द, सगळं. वडील आधी हसले, मग आईचं तोंड बघून त्यांनी पाणी प्यायला घेतलं. मी म्हणालो, “आई, बायकांकडून परत मागून आणतो.”

“वाण परत मागतोस?” आई उभीच राहिली. “आणि पहिल्या संक्रांतीचं? तुझ्या आयुष्यासाठी दिलंय ते रे मुडद्या!”

हे खरं आहे. हळदीकुंकू बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी करतात. सिंधूनं त्यानंतर पन्नासच्या वर संक्रांती केल्या, एक चुकवली नाही. गुण आला म्हणायचा. जरा जास्तच आला. दोघांना सारखं पुरेल असं मागायला पाहिजे होतं, पण मागताना हिशेब कोण करतं? असो.

आई बडबडत होती, पण मला भीती आईची नव्हती. सिंधूच्या हातातला हलव्याचा मणी हातातच होता. ती एवढंच म्हणाली, “म्हंजी माझ्यासाठी नव्हत्या.”

“नव्हत्या.”

तिनं मणी ताटलीत ठेवला आणि भांडी घेऊन मोरीवर गेली. मी मागं गेलो. ती राखेनं तवा घासत होती, असा की तव्याचं काही चुकलं असावं. मान वर न करताच म्हणाली, “सांगा तरी, त्यात एवढं काय हाय?” मी उकिडवा बसलो आणि एकेक किटलीचं सांगायला लागलो. कुणाला सोन्याची रेघ आहे, कुणाची चोच बदकासारखी, कुठल्या बंगल्याच्या कचऱ्यात कुठली सापडली. मी एक सांगितली की ती म्हणायची, “ती कोपऱ्यावरच्या काकूंना गेली,” किंवा “ती मी पोस्टमनच्या बायकोला दिली.” तिला सगळ्या ध्यानात होत्या, कुठली कुणाला. मी चुन्याचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. “चुन्याची डबी मी पारूमावशीला वाणात दिली?” आणि मग ती जी हसायला लागली ती तवा हातातून निसटेपर्यंत. मीही हसलो. आतून आई ओरडली, “हसा! म्हातारी रविवारी रडेल तेव्हा हसा!”

“मागायचं नाय,” सिंधू डोळे पुसत म्हणाली. “आत्याबाई बरोबर बोलत्यात. वाण मागू नये. पण बोहारीण काय मागती व्हय? ती आपलं पुढं करती, मग बायाच आपलं काढून देत्यात.” ती उठली, हात पुसले, आणि फळीवरून वाट्या काढायला लागली. नाव टाकलेल्या. मी म्हणालो, “अगं, रुखवताच्या हायत.” ती म्हणाली, “मला दिसतंय की. वाचता येतं मला.”  नाव टाकलेलं माहेरचं भांडं कुणी घराबाहेर देत नसतं. आई एवढंच म्हणाली, “कंगवेपण घेऊन जा, वरून घाल एकेक.”

टोपलीत वाट्या घेऊन सिंधू पुढं, आणि मी दहा पावलं मागं, विडी ओढायला बाहेर पडल्यासारखा. पहिलं घर पारूमावशीचं. सिंधूनं उंबऱ्यावर वाटी ठेवली आणि बोलली काहीच नाही. मावशी म्हणाली, “हे काय गं?”

“काल वाण लहान पडलं असं मला वाटलं मावशी. रात्रभर मनाला लागलं.”

“लहान? अगं, मी तर घरी म्हणाले, टांगेवालीनं काय बाहुल्यांचं हळदीकुंकू केलं!” मावशीनं वाटी उचलून वजन बघितलं. “ही तर नाव टाकलेली.”

“असू द्या. आमटी वाढताना नाव कोण वाचतंय?”

“मग ही किटली ने बाई तुझी. माझ्या काय कामाची? नाकात तपकीर घालायला?” झालं. पाखरांची किटली टोपलीत. पारूमावशी बाहेर येऊन मला म्हणाली, “बायको शहाणी मिळाली तुला. कशी काय फसली?”

असं दार-दार चाललं. एकीनं त्यात जिरं भरून ठेवलं होतं, ते आम्हाला जिऱ्यासकट मिळालं. कोपऱ्यावरच्या काकूंनी मात्र घात केला. त्यांनी किटली धुऊन देव्हाऱ्यात ठेवली होती, बाळकृष्णाला पाणी पाजायला. “बरोबर मापाची आहे गं, मी कशी काढू?” सिंधू खाली बसली, देवाला नमस्कार केला आणि म्हणाली, “काकू, देव वाढता हाय. उद्या त्याला वाटी लागेल.” काकूंनी खूप विचार केला. मग बाळकृष्णासमोर वाटी आली, ‘हरी मापारी यांजकडून’. बरंच झालं. हरी म्हणजे देवच की.

शेवटच्या घरात पोस्टमनची धाकटी पोरगी होती, चार वर्षांची. गुलाबाची फुलं असलेली, सगळ्यांत देखणी किटली तिच्या मुठीत. तिची आई ओढते आहे, पोर भोकाड पसरते आहे. सिंधूनं माझ्याकडं मागं वळून बघितलं. मी मान हलवली, घे म्हणून. तिनं बघितलं न बघितलंसं केलं, वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, “राहू दे ताई तिच्यापाशी. वाटीपण राहू दे.” बाहेर आल्यावर मी चिडलो. ती म्हणाली, “पोराच्या मुठीतनं तुमीच काढा जा.” मी गेलो नाही.

रविवारी वडिलांनी घोड्यावर नवी झूल घातली. मी, सिंधू आणि मांडीवर खोका. दीनाबाईचा बंगला रिकामा, एक टेबल आणि दोन खुर्च्या राहिलेल्या. मी टेबलावर किटल्या मांडल्या. तिकडं तोफ उडाली, सगळी झाकणं एकदम किणकिणली, आणि दीनाबाई चष्मा लावून एकेकीवर बोट ठेवत गेली. बोट थांबलं. “गुलाबवाली कुठे?”

 मी म्हणणार होतो, घरी राहिली, चुकून. पण माझ्याआधी सिंधू बोलली, “एका बारक्या पोरीकडं हाय बाई. सोडत नाय. ती तिच्यात माती भरून भात करती.”

म्हातारीनं चष्मा काढला. मला वाटलं, आता संपलं. ती म्हणाली, “खेळते?”

“लय खेळती.”

“ते माझ्या मायचं होतं,” दीनाबाई म्हणाली. “मी पण चार वर्साची होते. काचेच्या भायेर उभी राहून बघायची. माय हात लावू देत नव्हती. कधीच नाय दिलं. मग मी म्हातारी झाले, मग मीच मला हात लावू देत नव्हते.” आणि ती हसायला लागली, दात नव्हते तरी. “भात करते! माती घालून!” तिनं आम्हाला पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा पाजला, मोठ्या कपात, आणि निघताना सिंधूला म्हणाली, “डिकरी, हा माणूस नुसता बघत बसेल. तू हात लावत जा.”

येताना टांग्यात मी विचारलं, “वाट्या गेल्या. वाईट वाटतंय का?” सिंधू म्हणाली, “वाटणार नाय तर काय! बापानं लय हौसेनं नाव टाकलं होतं.” वडील पुढून म्हणाले, “ओळीतल्या प्रत्येक घरात आता तुझ्या बापाचं नाव आहे पोरी. मी इतकी वर्षं टांगा हाकतो, माझं कुठं नाही.” ती जरा हसली. मग मला म्हणाली, “यातली एक माझी. मी निवडणार.” मी म्हणालो, “घे.” तिनं पाखरांची निवडली. चुन्याची.

सकाळी आईचा चहा उतरला तेव्हा सिंधूनं ती किटली गरम पाण्यानं तीनदा धुतली, आणि फडक्यातून थेंब-थेंब चहा तिच्यात गाळला. माझा जीव वरखाली. पाऊणशे वर्षांची वस्तू, आत उकळता चहा! पण मी फडक्याचं दुसरं टोक धरलं. आई चुलीपुढून म्हणाली, “संसार करा म्हटलं तर भातुकली मांडली यांनी.” चोचीत चहापत्तीचा कण अडकला, तो सिंधूनं फुंकून काढला. आधी तिनं चोचीतूनच एक घोट घेतला, मग किटली माझ्या तोंडाला लावली.

“कसा झालाय?” तिनं विचारलं.

“फक्कड.”

“घोट जिभेपर्यंत पोचला तरी का?” ती म्हणाली. “आता मला खोटं सांगायचं नाय. किटलीचंबी नाय, चहाचंबी नाय.”

“नाय पोचला,” मी म्हणालो.

“मग तसं म्हणा की,” म्हणत तिनं किटली पुन्हा भरली.